योसेफचा चेहरा आणि रॉबिनचं नाव

"योसेफला दाढी लावा," डेव्हिड साहेब म्हणाले आणि त्यांनी प्रूफचा कागद माझ्या काचेच्या टेबलावर आपटला. "इतनी घनी, कि चेहरा पहचान में न आए."

दाढ्या लावायला ही काय नाटक कंपनी आहे का, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण शेजारी आमचे मालक गुप्ताजी उभे होते आणि त्यांच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे देव. मी नुसती मान डोलावली.

मी बनारसच्या एका ऑफसेट प्रेसमध्ये रिटचिंग आर्टिस्ट होते. काम सांगायला सोपं आहे. रंगीत चित्र छापायचं तर त्याच्या चार फिल्म्स निघतात. निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी, अशा चार शायांसाठी एकेक. या फिल्मना आम्ही पॉझिटिव्ह म्हणतो. खालून दिवा लावलेल्या काचेवर त्या ठेवायच्या आणि ब्लेड, ब्रश, चिकटपट्टी घेऊन सुधारायच्या. देवीच्या नाकावरचा डाग काढ, मंत्र्याच्या कुर्त्याची सुरकुती काढ, हे माझं रोजचं. आमचा प्रेस मुख्यतः कॅलेंडरांचा. शंकर, राम, लक्ष्मी, गणपती यांचे चेहरे माझ्या हाताखालून इतके गेले होते की रस्त्यात भेटले असते तर मी ओळख दिली असती.

यात एक गिऱ्हाईक वेगळं होतं. छावणीच्या बाजूला एक चर्च होतं आणि त्यांचं नव्या वर्षाचं कॅलेंडर आम्ही छापायचो. बड्या दिनाला, म्हणजे आपल्या नाताळला, ते प्रत्येक ख्रिस्ती घरात जायचं. वर मोठं चित्र, खाली तारखा. कमिटीचे सेक्रेटरी लाल साहेब ऑर्डर घेऊन यायचे. शाळेतून रिटायर झालेले इंग्रजीचे मास्तर, अतिशय मृदू माणूस. मला 'बेटा' म्हणायचे.

त्या वर्षी लाल साहेब हवेतच चालत आले होते. आदल्या नाताळात टीव्हीवर येशूजन्माची एक हिंदी नाटिका झाली होती. त्यात मरियेचा नवरा योसेफ, त्याला तिकडचे लोक यूसुफ म्हणतात, तो साकारला होता ज्युलियन नावाच्या मुंबईच्या नटाने. गोरापान, शांत डोळ्यांचा, बायकोला गाढवावर बसवून स्वतः पायी चालणारा. चर्चलगतच्या मिशन कंपाउंडमधल्या बायकांनी नवऱ्यांना ऐकवलं होतं, बघा, नवरा असा असतो. आणि या नाटिकेतले सगळे कपडे केले होते लाल साहेबांच्या एकुलत्या एक मुलाने, रॉबिनने. तो मुंबईत ड्रेसचं काम करायचा. फोटोही चांगले काढायचा. शूटिंगच्या वेळी त्यानेच काढलेला फोटो त्याने वडिलांना पाठवला: योसेफ, मरिया आणि गव्हाणीतलं बाळ. चित्राच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ टाकायची होती. छायाचित्र – रॉबिन लाल.

"बेटा, ही ओळ जरा मोठी नाही का होणार?" त्यांनी विचारलं होतं.

"चित्र बिघडेल, लाल साहेब."

"हाँ हाँ, चित्र बिघडता कामा नये," ते लगेच म्हणाले. पण त्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं, आणि प्रूफवर सही करून टाकली. प्रूफ म्हणजे छपाईआधी काढलेला नमुना. गिऱ्हाईकाने त्यावर 'ओके' लिहून सही केली की मगच मशीन चालू. एकदा एका मिठाईवाल्याच्या कॅलेंडरवर दुसऱ्याच मिठाईवाल्याचं दुकान छापून गेलं होतं, तेव्हापासून गुप्ताजींनी हा नियम केला होता. सहीशिवाय ते सख्ख्या भावाची लग्नपत्रिकाही छापत नसत.

तर सही झाली, आणि मशीन चालू होण्याआधीच एका इंग्रजी फिल्मी मासिकात ज्युलियनची मुलाखत आली. त्यात त्याने सरळ सांगितलं होतं की मी समलिंगी आहे, माझ्या साथीदाराबरोबर एका घरात राहतो आणि सुखात आहे. साथीदाराचं नाव त्याने दिलं नव्हतं.

देण्याची गरजच नव्हती. लाल साहेबांनी वर्षभर कंपाउंडमध्ये भेटेल त्याला अभिमानाने सांगितलं होतं, "आमचा रॉबिन यूसुफच्या घरी राहतो."

मग जे झालं ते मला चर्चच्या शाळेत शिकवणाऱ्या मिस डॅनियलकडून कळलं. त्या आमच्याकडे प्रश्नपत्रिका छापायला यायच्या आणि बातम्या फुकट द्यायच्या. दोन मुली म्हणे रडल्या, कारण दोघींनाही ज्युलियनशीच लग्न करायचं होतं. एका बाहेरून आलेल्या प्रचारकाने प्रार्थनासभेत ज्युलियनचं नाव घेऊन त्याच्या आत्म्यासाठी इतक्या मोठ्याने प्रार्थना केली की ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं. एका कुटुंबाने ती नाटिका टीव्हीवरून कॅसेटवर उतरवून ठेवली होती. त्यांनी तिच्यावर भाचीचं लग्न रेकॉर्ड केलं. टेप थोडी उरली, त्यामुळे नवरी रडत गाडीत बसते आणि लगेच योसेफ गाढव हाकताना दिसतो.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी मिस डॅनियलना विचारलं.

"मला? यूसुफचं काम त्याने फर्स्ट क्लास केलं होतं," त्या म्हणाल्या. "पण हे मी कमिटीत नाही बोलू शकत. मला तिथे नोकरी करायचीय."

कमिटीत बोलणारे डेव्हिड साहेब होते. रेल्वेच्या इंजिन कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले, खणखणीत आवाजाचे. त्यांचं म्हणणं दोन कलमी होतं. एक, हा चेहरा चर्चच्या कॅलेंडरवर चालणार नाही. दोन, खालची ओळ काढा. नवा फोटो शोधायला वेळ नव्हता, बडा दिन तोंडावर होता. म्हणून दाढी.

मी दाढी रंगवली. चारही फिल्मवर ब्रशने, केस न् केस. प्रूफ निघालं तेव्हा योसेफ चंबळच्या खोऱ्यातून थेट गोठ्यात आलेला दिसत होता. मरियेच्या चेहऱ्यावरची शांती आता मला जरा धाडसाचीच वाटायला लागली.

"डाकू लग रहा है," डेव्हिड साहेब म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं.

त्या दिवशी घरी जेवताना मी आईला सगळं सांगितलं. आमचं घर बालाजी घाटाच्या वर, पिढ्यान् पिढ्या इथेच. आईची मराठी निम्मी हिंदीच.

"यात इतकी परेशानी काय आहे?" आई म्हणाली. "आपल्या रामलीलेत राम-सीता होतात ती पोरं गल्लीतलीच ना? मुकुट चढला की आपण आरती करतो, पाया पडतो. मुकुट उतरला की तो आपला पतंग उडवतो. मग तो बाहेर काय करतो म्हणून कोणी मुकुट फोडायला जातं का? वाढू का भात?"

आईचं ऐकून मला बरं वाटलं. पण आई कमिटीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाल साहेब एकटेच आले. हवेत चालणं संपलं होतं. स्टुलावर बसले आणि टेबलावरच्या काळ्या फिल्मकडे बघत राहिले.

"नाम हटा दिया, बेटा?"

"नाही अजून. चेहऱ्याचंच जमत नाहीये. नाव काय, ब्लेडने खरडलं की झालं."

"इतकं सोपं असतं?"

"हो," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर मलाच कसंसं झालं.

मग ते बोलायला लागले. बोलणं हिंदीतच चाललं होतं, मी मराठीत सांगतेय. काही वाक्यं मात्र तशीच ठेवते. रॉबिन दर बड्या दिनाला घरी यायचा. या वेळी त्यांनी त्याला फोन करून सांगितलं होतं, येऊ नकोस. तो फक्त 'जी पापा' म्हणाला. त्या दिवसापासून रॉबिनच्या आईने नवऱ्याशी बोलणं सोडलं होतं. ताट वाढायची आणि आत निघून जायची.

"काल मात्र बोलली," लाल साहेब म्हणाले. "एकच वाक्य. म्हणाली, यूसुफ का फोटो छपवा रहे हो, उसका किया कुछ करोगे भी?"

मला अर्थ लागला नाही. त्यांनी सांगितलं. मरियेला दिवस गेले आहेत हे योसेफला कळलं तेव्हा त्यांचं अजून लग्न व्हायचं होतं. लोकांची तोंडं धरणं शक्य नव्हतं. त्याने ठरवलं, गाजावाजा न करता तिला सोडून द्यावं. मग देवदूत आला आणि योसेफने तिला सोडलं नाही, घरी आणलं.

"बाकी पूर्ण बायबलात त्याच्या तोंडी एक शब्द नाही," लाल साहेब म्हणाले. "मी आयुष्यभर संडे स्कूलमध्ये हे शिकवलंय." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. "कॅलेंडरची पहिली प्रत मी दर वर्षी रॉबिनला डाकेने पाठवतो. या वर्षी पाठवली आणि त्यावर त्याचं नाव नसलं, तर त्याला काही सांगायची गरज उरणार नाही. समझ जाएगा कि दरवाज़ा बंद है. आणि नाही पाठवली, तरी समजेलच."

"मग सही नका करू."

"डेव्हिड, पाद्री साहेब, सगळी मंडळी... चाळीस साल इन्हीं लोगों के बीच रहा हूँ, बेटा. मेलो की खांदा हेच देणार आहेत." ते उठले. "एक काम कर. ब्लेड सगळ्यात शेवटी लाव."

मला त्या दिवशी त्यांचा रागही आला आणि कणवही आली. राग जास्त आला, हे खरं सांगते. लेकाला एका फोनवर तोडता येतं आणि ओळीवर ब्लेड फिरवायचं म्हटलं की जीव होत नाही, हा काय प्रकार? पण माणूस समोर बसून चष्मा पुसत असला की राग फार वेळ टिकत नाही.

चेहऱ्याचा प्रश्न गुप्ताजींनी सोडवला. म्हणजे, त्यांना तसं वाटलं.

"कुंदाजी, जोसेफ काम क्या करता था?"

"सुतार होता."

"बढ़ई!" गुप्ताजींनी टाळी वाजवली. "तो बढ़ई का चेहरा लगा दीजिए. आपल्याकडे आहे की."

आमच्याकडे खरंच होता. जुन्या पॉझिटिव्हच्या कपाटात विश्वकर्म्याचा पूर्ण संच पडून होता. कारागिरांचा देव, पांढरी दाढी, करुण डोळे. दर सप्टेंबरात मशिनला हार घालून आम्ही त्याचीच पूजा करायचो. माप जवळजवळ जुळत होतं. मी चारही फिल्ममधून तो चेहरा कापला, मुकुट खरडून टाकला, योसेफचं फडकं डोक्यावर तसंच ठेवलं आणि चिकटवला. मनात म्हटलं, कोणाला कळतंय? प्रूफ निघालं. खरं सांगायचं तर देखणं निघालं. फक्त मरियेचा नवरा आता तिचा आजोबा वाटत होता.

आमचा मशीनमन रामजनम प्रूफ काढून आणतानाच थबकला. "ई त बाबा हउवन," तो म्हणाला, म्हणजे हे तर विश्वकर्मा बाबा, आणि त्याने आपसूक हात जोडले. मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

दुपारी कमिटी आली. पाद्री साहेब, डेव्हिड साहेब, लाल साहेब. मी नवं प्रूफ टेबलावर पसरलं. खालची ओळ अजून तशीच होती. ती जायची आहे, एवढं मी सांगितलं. जुनं, सहीचं प्रूफ मागे दोरीवर क्लिपला लटकत होतं.

पाद्री साहेबांना चित्र आवडलं. "वाह, कितनी गरिमा है. परंपरेत योसेफ वयस्करच दाखवतात."

लाल साहेब फक्त खालच्या ओळीकडे बघत होते.

डेव्हिड साहेब वाकले. चष्मा नाकावर सरकवला. सरळ झाले. पुन्हा वाकले.

"पाद्री साहब," ते हळूच म्हणाले, आणि त्यांचा आवाज हळू होऊ शकतो हे मला तेव्हा प्रथम कळलं. "हे विश्वकर्मा आहेत."

"कोण?"

"विश्वकर्मा! अख्खी नोकरी यांच्या फोटोखाली केली मी! दर वर्षी पूजेला वर्कशॉपमध्ये लड्डू वाटायचो, फोरमन होतो ना, माझ्याच हाताने वाटायचो! मैं इनको नहीं पहचानूँगा?"

गुप्ताजी एकाएकी छताचा पंखा बघायला लागले. मी ब्रश धुवायला घेतला, तो स्वच्छच होता. आणि मग पाद्री साहेब हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग त्यांनी टेबलाला धरलं. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात.

"डेव्हिड साहब," ते धापा टाकत म्हणाले, "आता तुम्हीच सांगा. एक योसेफ मुंबईचा आहे आणि एक तुमच्या कारखान्यातला. चर्चमध्ये कुठला लावू?"

डेव्हिड साहेब लाल झाले होते. एकदा टेबलावर पाहिलं, एकदा दोरीवर. त्या माणसाची मला खरंच दया आली. शेवटी म्हणाले, "ऐक्टर ही रहने दो." आणि मग लगेच, जणू एवढी माघार फार झाली, "पण नाव काढायचं. त्यावर मी अडून राहणार. लाल, तूच सांग. लोग क्या कहेंगे?"

"लोग तो कह चुके," लाल साहेब म्हणाले.

ते उठले, दोरीवरचं जुनं प्रूफ क्लिपमधून काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. ज्युलियनचे शांत डोळे, निळ्या शालीतली मरिया, बाळ. त्यांनी खालच्या ओळीवर पहिल्या दिवशीसारखं बोट फिरवलं.

"हे नाव मीच ठेवलंय," ते म्हणाले. "मैं क्यों काटूँ?"

त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि जुन्या सहीखाली पुन्हा 'ओके' लिहून नवी सही केली. दोन सह्या दोन माणसांच्या वाटत होत्या. डेव्हिड साहेबांनी तोंड उघडलं. पाद्री साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ते मिटलं.

"गुप्ताजी," लाल साहेब म्हणाले, "एक बंबई का फ़ोन हो जाएगा?"

गुप्ताजींच्या फोनच्या डायलला कुलूप असायचं. त्याची किल्ली ते जानव्याला बांधून ठेवत आणि आम्हाला कोणालाही हात लावू देत नसत. त्या दिवशी त्यांनी स्वतः कुलूप काढलं, स्वतः नंबर फिरवला आणि रिसीव्हर लाल साहेबांच्या हातात दिला. पलीकडे कोणी उचलला ते मला माहीत नाही. लाल साहेब म्हणाले, "नमस्ते बेटा, रॉबिन को दीजिए." म्हणजे रॉबिन नव्हता, दुसरं कोणीतरी होतं. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं आणि कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

मग रॉबिन फोनवर आला.

"कैलेंडर छप रहा है," लाल साहेब म्हणाले. "इस बार डाक से नहीं भेजेंगे. खुद आके ले जाना."

एवढंच. रिसीव्हर ठेवून ते रुमालात तोंड धरून रडले. मीही रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. गुप्ताजींनी फोनला परत कुलूप लावलं.

मी फिल्मवरचा विश्वकर्मा सोडवला, दाढीचा रंग धुतला आणि कॅलेंडर छापलं गेलं. सगळं गोड झालं असं मात्र नाही. काही घरांनी चित्र कापून फक्त तारखा भिंतीवर लावल्या. एकांनी ख्रिसमस ट्रीवरचा कापूस चिकटवून योसेफला दाढी लावली, म्हणजे डेव्हिड साहेबांची मूळ कल्पना वाया गेली नाही. एक कुटुंब लाल साहेबांच्या बाकावर बसायचं ते दुसऱ्या बाकावर बसायला लागलं आणि शेवटपर्यंत तिथेच बसलं. पण बऱ्याच घरांत ते तसंच लागलं, कारण चित्र छान होतं आणि भिंतीला खिळा आधीच होता. विश्वकर्म्याचं प्रूफ रामजनमने मशीनवर टांगलं. बायको आणि बाळासकट बाबा त्याला जास्तच आवडले. पुढच्या पूजेला त्या तिघांना हार पडला, आणि डेव्हिड साहेब सहज चौकशीला म्हणून आले आणि दोन लड्डू खाऊन गेले.

बड्या दिनाला मी लाल साहेबांकडे केक खायला गेले. दार रॉबिननेच उघडलं. वडिलांसारखाच किडकिडीत, मृदू. एकटाच आला होता. आतून त्याच्या आईचा आवाज येत होता, ती नवऱ्याला काहीतरी जोरात सुनावत होती. म्हणजे घरात बोलणं सुरू झालं होतं. मी कोण ते कळल्यावर रॉबिन मला थेट भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी घेऊन गेला. मला वाटलं, आता आभार मानणार.

"मॅडम, मरियेची शाल," तो म्हणाला. "हा निळा नाहीये. मी तीन दुकानं पालथी घालून तो कपडा आणला होता. यात गुलाबी शाई जास्त झालीय."

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच जास्त झाली होती. इतके दिवस मी चेहरा आणि नाव यांतच अडकले होते, शालीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी लाल साहेब पुन्हा रॉबिनचाच फोटो घेऊन आले. मेंढपाळ होते, नट कोणीच नव्हता. प्रूफ पाहिलं, आवडलं, पेन काढलं आणि मग खालच्या ओळीवर बोट ठेवून थांबले.

"बेटा, ही ओळ जरा मोठी नाही का होणार?"

अक्षर किती मोठं ठेवायचं हे चित्र ठरवतं, गिऱ्हाईक नाही, असं मी आजही नव्या मुलांना शिकवते. त्या दिवशी मी ओळ दोन साइझनी मोठी केली. चित्र थोडं बिघडलं.